टायमर आणि थर्मासवाला कॉफी मेकर घेताना: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत आल्यावर मराठी घरातलं स्वयंपाकघर साधारण एकाच पद्धतीने लागतं. कुकर आणि पोळपाट-लाटणं बॅगेतून येतं, कढया आणि डबे देशी दुकानातून येतात, आणि कॉफी मेकर मात्र टारगेट नाहीतर कॉस्टकोमध्ये खोक्यावरचा फोटो बघून उचलला जातो. तिथे काळी-चंदेरी यंत्रं ओळीने मांडलेली असतात. किंमत तीस-चाळीस डॉलरपासून साडेतीनशेपर्यंत, आणि बाहेरून बघून फरक काही कळत नाही. सगळ्यांवर 'प्रोग्रॅमेबल' लिहिलेलं, सगळ्यांवर '१२ कप'.

हा लेख त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल आहे. रात्री पाणी आणि पूड भरून ठेवली की सकाळी ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारा, आणि काचेच्या भांड्याऐवजी स्टीलच्या थर्मासमध्ये कॉफी उतरवणारा ड्रिप कॉफी मेकर. खोक्यावर या थर्मासला 'थर्मल कॅराफ' म्हणतात. आमच्या घरात ही यंत्रं बरीच वर्षं रोज चालतात, आणि ओळखीतल्या नव्या मंडळींसोबत अशा खरेदीला मी अनेकदा गेले आहे. त्यावरून माझं मत आधीच सांगून टाकते: थर्मास घ्याच, टायमर मात्र विचार करून घ्या. या दोन सोयी एकमेकींच्या थोड्या आड येतात आणि ते खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

हाताशी काय असावं

- मोजायची टेप
- मिलिलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र
- डिजिटल वजनकाटा (पोळ्यांच्या कणकेलाही उपयोगी पडेल)
- बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश
- लिंबूसत्त्व, म्हणजे देशी दुकानात ढोकळ्याच्या सामानाजवळ मिळतं तेच
- खरेदीचं बिल आणि यंत्राच्या तळावरच्या सिरीयल नंबरचा फोटो

१. विजेचं गणित आधी

अमेरिकेतली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ; भारतातली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे इथला कॉफी मेकर पुण्याला सासूबाईंना भेट म्हणून न्यायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या. नुसता पिनचा अडॅप्टर लावून सुरू केला तर हीटर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण १००० ते १५०० वॉटच्या यंत्राला लागणारा ट्रान्सफॉर्मर कॉफी मेकरपेक्षा जड आणि महाग पडतो. तिकडून इकडे आणायचं तरी तेच.

दुसरी गोष्ट घरातल्या सर्किटची. साधं १५ अँपिअरचं सर्किट म्हणजे १२० गुणिले १५, जेमतेम १८०० वॉट. चांगला कॉफी मेकर एकटाच १४००-१५०० वॉट ओढतो. जुन्या अपार्टमेंटमध्ये ओट्यावरचे दोन-तीन सॉकेट बऱ्याचदा एकाच सर्किटवर असतात. तिथे सकाळी कॉफी उतरत असतानाच कुणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो, घड्याळ पुसलं जातं आणि टायमरही गेला. कोणता सॉकेट कुठल्या ब्रेकरवर आहे हे एका रविवारी पाहून ठेवा. कॉफी मेकर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर नको.

२. यंत्र आत काय करतं ते समजून घ्या

हे दोन मिनिटं समजून घेतलं की निम्म्या जाहिराती आपोआप निकामी होतात.

टाकीतलं गार पाणी एका एकमार्गी झडपेतून खालच्या नळीत उतरतं. त्या नळीला हीटर चिकटलेला असतो. पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते गरम पाण्याला दुसऱ्या नळीतून वर ढकलतात. बहुतेक घरगुती यंत्रांत पंप नसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जी गुडगुड ऐकू येते ती या बुडबुड्यांची. वर गेलेलं पाणी शॉवरसारख्या झाऱ्यातून बास्केटमधल्या पुडीवर पडतं, फिल्टरमधून गाळलं जातं आणि खाली थर्मासमध्ये टपकतं.

कॉफीची चव ठरते ती तीन गोष्टींवर: पाण्याचं तापमान, पाणी पुडीशी किती वेळ राहिलं, आणि सगळी पूड सारखी भिजली का. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन, म्हणजे एससीए, ही कॉफीच्या धंद्यातली मोठी संस्था. तिच्या मते पुडीवर पडणारं पाणी साधारण ९२ ते ९६ अंश सेल्सियस असावं आणि पाणी पुडीतून जाण्याचा काळ चार ते आठ मिनिटं. स्वस्त यंत्रांचा हीटर ८००-९०० वॉटचा असतो. पूर्ण भांडं भरायला त्याला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि सुरुवातीचं पाणी तर कोमटच पडतं. कॉफी आंबट, पाणचट आणि शेवटी कडू, असं तिन्ही एका कपात मिळतं. म्हणून खोक्यावर रंग आणि बटणं बघण्याआधी वॉट बघा. मोठ्या भांड्याला १४०० च्या आसपास असेल तर पुढे वाचा, नाहीतर खोकं परत जागेवर.

डेन्व्हरला राहणाऱ्यांसाठी कंसाबाहेरची सूचना: तिथल्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे '९६ अंशांची हमी' वगैरेसाठी जादा पैसे देऊ नका.

३. काच की थर्मास

काचेच्या भांड्याखाली तापती पट्टी असते. कॉफी झाल्यावर ती तासन्‌तास खालून शेकत राहते. दहा-पंधरा मिनिटं ठीक, पण पुढे कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल फुटून क्विनिक आम्ल वाढत जातं, सुगंध उडून जातो, आणि ऑफिसच्या पँट्रीत दुपारी मिळते ती करपट, जिभेला चरचरणारी कॉफी तयार होते. अमेरिकेतली कॉफी वाईट असते असं ज्यांनी ठरवून टाकलं आहे त्यांनी बहुधा पट्टीवर शेकलेली कॉफी प्यायलेली असते.

थर्मासला पट्टी नसते. दुहेरी स्टीलच्या भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वाट कमी मिळते. चांगला थर्मास दीड-दोन तास कॉफी पिण्याजोगी गरम ठेवतो, आणि चव उतरली तरी करपत नाही. घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी उठत असतील तर याला पर्याय नाही. भारतातून आलेले आई-बाबा पहिला आठवडाभर पहाटे चारला जागे असतात, मुलांची बस सातला, तुमची पहिली मीटिंग आठला. एकाच वेळी उतरवलेली कॉफी सगळ्यांना पुरते.

पण दोन अटी आहेत. थर्मास भरलेला असेल तरच तो आपलं काम करतो. दीड लिटरच्या थर्मासमध्ये दोन मग कॉफी ठेवली तर उरलेल्या जागेतली हवा आणि गार स्टील तिची उष्णता भराभर खातात. आणि दुसरं म्हणजे 'थर्मल' लिहिलेलं प्रत्येक भांडं निर्वात नसतं. काही स्वस्त भांड्यांत नुसत्या दोन भिंती आणि मध्ये साधी हवा असते. वर्णनात 'व्हॅक्युम इन्सुलेटेड' हे शब्द शोधा. घरी आणल्यावरची परीक्षा सोपी: उकळतं पाणी भरा, दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. बाहेरचा भाग गरम लागला तर परत करा.

युरोपात असाल तर अजून एक माहिती: २०१५ पासून तिथल्या नियमानुसार थर्मासवाला कॉफी मेकर कॉफी झाल्यावर पाच मिनिटांत आपोआप स्टँडबायवर जावा लागतो. काचेच्या भांड्यावाल्याला चाळीस मिनिटं मिळतात. त्यामुळे तिकडे थर्मासचा प्रकार बाजारात सहज सापडतो.

४. टायमर खरंच हवा का

आता ती आड येणारी गोष्ट. थर्मासमधली कॉफी गरम राहायची तर थर्मास आधी कढत पाण्याने विसळून घ्यावा लागतो. गार स्टीलमध्ये कॉफी पडली की तिचे काही अंश तिथेच जातात. हाताने यंत्र सुरू करणारा माणूस हे करू शकतो. टायमर लावून झोपलेला माणूस नाही करू शकत. डिसेंबरात, रात्री हीटिंग कमी करून झोपणाऱ्या घरात, पहाटे थर्मास चांगलाच गार असतो. त्यात तुम्ही फक्त तीन कपांचं पाणी भरलं असेल तर उठेपर्यंत कॉफी कोमट झालेली असते, आणि मग दोष यंत्राला.

शिवाय दळलेली पूड रात्रभर उघड्या बास्केटमध्ये पडून राहते. आठ तासांत ती खराब होत नाही, पण सुगंध कमी होतो. 'ग्राइंड अँड ब्रू' प्रकारची यंत्रं यावर उपाय म्हणून सकाळीच बिया दळतात. त्यांचा आवाज पहाटे साडेपाचला पातळ भिंतींच्या अपार्टमेंटमध्ये एकदा ऐकलात की तो बेत तुम्हीच रद्द कराल. दळणाऱ्या भागात वाफ शिरून पूड चिकटते ती वेगळीच कटकट.

तर टायमर कुणी घ्यावा? ज्यांना सकाळी डोळे उघडण्याआधी घराबाहेर पडायचं असतं, ज्यांच्या घरात भांडं रोज पूर्ण भरतं, त्यांनी खुशाल घ्यावा. कॉफी गार होऊ नये म्हणून एक युक्ती: ठरल्या वेळेपासून दहा मिनिटांत उठता येईल अशीच वेळ लावा, तासभर आधीची नको. आणि ज्यांना उठून ब्रश करेपर्यंत सहा मिनिटं थांबायला हरकत नाही, त्यांनी टायमर नसलेली यंत्रंही बघावीत. टेक्निव्हॉर्म कंपनीचा मोक्कामास्टर नेदरलँड्समध्ये हाताने जुळवला जातो, थर्मासच्या प्रकारातही मिळतो, कॉफी सुरेख करतो, आणि त्याला टायमर नाही. नुसतं बटण आहे.

टायमर घेतलात तर हे खड्डे टाळा:

- बहुतेक यंत्रांचं घड्याळ १२ तासांचं असतं आणि 'पीएम' दाखवायला कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका असतो. सहा वाजता कॉफी आली नाही याचं कारण नव्वद टक्के वेळा हा ठिपका.
- घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं. फोन आपोआप बदलतो, कॉफी मेकर बदलत नाही. (ॲरिझोना आणि हवाईवाल्यांना ही कटकट नाही; ॲरिझोनातला नवाहो प्रदेश सोडून.)
- वेळ लावणं वेगळं आणि टायमर चालू करणं वेगळं. बऱ्याच यंत्रांत वेळ एकदाच लावायची असते, पण 'ऑटो'चं बटण रोज रात्री दाबावं लागतं. दिवा लागला का ते पाहूनच झोपायला जा.
- थर्मास रिकामा आहे आणि जागेवर आहे ना? कालची अर्धी कॉफी आत असताना टायमर सुरू झाला तर सकाळी ओटा, ड्रॉवर आणि फरशी सगळं पुसत बसावं लागतं.

स्मार्ट प्लग लावून साध्या यंत्राचा टायमर करावा असं कुणीतरी सुचवेलच. ज्याचं बटण यांत्रिक आहे आणि दाबलेलं राहतं, तेवढंच यंत्र असं सुरू होतं. डिजिटल बटणाचं नाही. पण तापणारं यंत्र माणूस नसताना बाहेरून चालू करणं मला पटत नाही. मॅन्युअलमध्ये मनाई असेल तर विषयच संपला.

५. खोक्यावरचा कप म्हणजे तुमचा कप नव्हे

अमेरिकन कॉफी मेकरवरचा एक 'कप' सहसा पाच औंसांचा, म्हणजे सुमारे १४८ मिलिलिटर. काही युरोपीय यंत्रांत १२५ मिलिलिटर. मोजमापाचा अमेरिकन कप मात्र आठ औंसांचा, आणि तुमच्या हातातला ऑफिसने भेट दिलेला मग ३०० ते ३५० मिलिलिटरचा. म्हणजे '१२ कप' यंत्र सुमारे १.८ लिटरचं, आणि त्यातून मोठे मग निघतात पाच-सहा. '८ कप' म्हणजे साधारण १.२ लिटर, तीन-चार मग.

थर्मास भरलेलाच बरा, हे वर आलंच. म्हणून दोघांच्या घरात आठ कपांचं यंत्र घ्या. पाहुणे येतात म्हणून बारा कपांचं घ्यायचा मोह आवरा. पाहुणे चहाच मागतील.

६. ओटा मोजा

अमेरिकन स्वयंपाकघरात ओटा आणि वरची कपाटं यांच्यात साधारण १८ इंच असतात. यंत्रं १४ ते १७ इंच उंच असतात, म्हणजे बसतात. पण पाणी भरायचं झाकण वरच्या बाजूला उघडत असेल तर ते उघडल्यावर कपाटाला आपटतं आणि रोज यंत्र पुढे ओढावं लागतं. झाकण उघडं असतानाची उंची विचारा, किंवा टाकी बाजूने काढता येणारं यंत्र निवडा. कपाटाखाली रोज वाफ बसली तर लाकडाचं पॉलिश फुगतं आणि घर भाड्याचं असेल तर डिपॉझिटमधून कापून घेतात.

७. झाकण, तोटी आणि तोंड: खरी परीक्षा इथे

थर्मासवाल्या यंत्रांबद्दलच्या तक्रारी कॉफीच्या कमी आणि झाकणाच्या जास्त असतात. काचेच्या भांड्यात कॉफी पडते तशी थर्मासमध्ये सरळ पडत नाही. ती झाकणातल्या छिद्रातून आत जाते. झाकणावरचा उंचवटा वरच्या बास्केटमधली टपक-झडप उघडतो. झाकण अर्धवट फिरवलेलं असेल किंवा थर्मास एक सेंटिमीटर पुढे राहिला असेल तर झडप उघडत नाही, पाणी बास्केटमध्येच साठतं आणि चोथ्यासकट उतू जातं. दुकानात नमुना असेल तर झाकण लावा, काढा, फिरवा. नीट बसल्याचा खट्ट आवाज किंवा बाणाची खूण असलेली झाकणं चांगली. झोपेत लावता येईल असं झाकण हवं.

नंतर ओतून बघा. शक्य असेल तर पाण्याने, नाहीतर निदान तोटी कशी आहे ते बघा. काही थर्मास ओतताना अंगावरून ओघळतात, काहींत बटण दाबून धरावं लागतं, काहींत शेवटचा कप बाहेर येतच नाही आणि थर्मास पार उलटा करावा लागतो. सांधेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना भरलेला थर्मास एका हाताने उचलता येतो का हेही पाहा; दीड लिटर कॉफी आणि स्टील मिळून वजन बरंच होतं.

आणि तोंड. हात आत गेला पाहिजे. बहुतेक थर्मास डिशवॉशरमध्ये चालत नाहीत, तिथल्या उष्णतेने निर्वात जोड सुटू शकतो. अरुंद तोंडाचा थर्मास महिनाभरात आतून तपकिरी होतो आणि मग ताज्या कॉफीलाही शिळा वास येतो.

एक बारीक गोष्ट: ड्रिपमध्ये आधी उतरणारी कॉफी दाट असते, शेवटची पातळ. काचेच्या भांड्यात ती बऱ्यापैकी मिसळते, उंच थर्मासमध्ये थर राहतात. काही झाकणांना आतून तळापर्यंत जाणारी नळी असते, ती यासाठीच. नसेल तर ओतण्याआधी थर्मास हलक्या हाताने गोल फिरवा.

८. कोणतं घ्यावं

साठ ते शंभर डॉलरच्या पट्ट्यात ब्लॅक अँड डेकर, हॅमिल्टन बीच, मिस्टर कॉफी, क्विझिनार्ट यांची टायमर-थर्मासची यंत्रं मिळतात. दूध-साखर घालून पिणाऱ्या, नुकतंच बस्तान बसवणाऱ्या घराला ती चालतात. त्यातल्या त्यात वॉट जास्त आणि झाकण धड असलेलं निवडा.

त्याच्या वर झोजिरुशीचा दहा कपांचा 'फ्रेश ब्रू प्लस' आहे. थर्मास हा या जपानी कंपनीचा मूळ धंदा, आणि ते जाणवतं. टाकी काढून सिंकमध्ये भरता येते. दोनशेच्या आसपास ऑक्सोचं नऊ कपांचं यंत्र येतं. एका फिरत्या बटणावर कप आणि वेळ दोन्ही लागतं, मॅन्युअल न वाचणाऱ्या नवऱ्यालाही जमतं. तीनशेच्या पुढे ब्रेव्हिलचा 'प्रिसिजन ब्रूअर थर्मल': तापमान, पुडी भिजवायचा वेळ, पाण्याचा वेग, सगळं बदलता येतं. ज्यांना हा खेळ आवडतो त्यांच्यासाठी छान. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या ग्राइंडरवर घालावेत.

एससीएची प्रमाणित घरगुती यंत्रांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर असते. ती बदलत राहते, घेण्याच्या दिवशी बघा. यादीत नसलेलं यंत्र वाईटच असतं असं नाही, पण असलेल्याचं तापमान तरी तपासलेलं असतं. घाई नसेल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा गाठा, थँक्सगिव्हिंगच्या आसपास भाव बरेच उतरतात.

९. पूड, पाणी, दूध

बॅगेतून आणलेली किंवा देशी दुकानातली चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पूड या यंत्रात घालू नका. ती दळायला फार बारीक असते, स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरसाठी बनवलेली. ड्रिपच्या कागदी फिल्टरची छिद्रं ती बंद करते, पाणी तुंबतं, बास्केट उतू जातं. मध्यम दळलेली, जाडसर रव्यासारखी पूड हवी. इन्स्टंट कॉफी तर अजिबात नको.

प्रमाण वजनाने घ्या: एक लिटर पाण्याला ५५ ग्रॅम पूड ही एससीएची शिफारस. १.२ लिटरच्या भांड्याला म्हणजे ६६ ग्रॅम. हे काळ्या कॉफीचं प्रमाण झालं. आपल्याकडे दूध घालतात, त्यांनी लिटरला ६५-७० ग्रॅमपर्यंत जावं, नाहीतर दूध घातल्यावर कॉफीची चव शोधावी लागते. दूध वेगळं तापवा. टाकीत दूध घालायचं नाही हे सांगायची गरज नसावी, पण थर्मासमध्येही घालू नका. झाकणाच्या खाचांत दूध राहतं, आंबतं आणि तो वास जात नाही.

फिल्टर कागदी घ्यावा की कायमचा जाळीचा? जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून कॉफीतलं कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य खाली उतरतं आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागद ते अडवतो. घरात कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर कागदच. बास्केटचा तळ सपाट आहे की निमुळता हे पाहून फिल्टर घ्या. चुकीचा फिल्टर मध्येच दुमडतो आणि चोथा कपात येतो.

पाणी साधं गाळलेलं चालतं. डिस्टिल्ड नको, त्यात क्षारच नसल्याने कॉफी बेचव होते.

१०. पहिला दिवस आणि पुढची निगा

नवीन यंत्रात दोनदा नुसतं पाणी चालवा, प्लास्टिकचा वास जातो. रोज बास्केट आणि झाकण धुवा, थर्मास विसळून उघडा पालथा ठेवा. झाकण लावून ठेवलेला ओला थर्मास दोन दिवसांत कुबट वास मारतो. आतून तपकिरी झाला की दोन चमचे खायचा सोडा घालून कढत पाणी भरा, तासाभराने ब्रश फिरवा. ब्लीच आणि तारेची घासणी नको.

क्षारांचा थर हा या यंत्रांचा खरा शत्रू. पाणी कठीण असेल अशा गावात, टेक्सासमधल्या किंवा ॲरिझोनातल्या बऱ्याच ठिकाणी, दोन-तीन महिन्यांत हीटरची नळी पांढरी पडते. कॉफीला वेळ जास्त लागायला लागला, गुडगुड वाढली, वाफ जास्त आणि पाणी कमी, की समजा वेळ झाली. मॅन्युअलमध्ये बहुधा व्हिनेगर सांगितलेलं असतं. त्याचा वास आठवडाभर राहतो. मी एक लिटर पाण्यात दोन टेबलस्पून लिंबूसत्त्व विरघळवून वापरते. अर्धं पाणी उतरलं की यंत्र बंद करायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं, मग उरलेलं उतरवायचं. त्यानंतर दोन-तीन वेळा साधं पाणी. तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये फक्त कंपनीचंच द्रव वापरा असं असेल तर वॉरंटी संपेपर्यंत ते पाळा.

११. बिल आणि वॉरंटी

वॉरंटी बहुतेकांची एक ते तीन वर्षं, मोक्कामास्टरची पाच. खरेदीच्या दिवशीच नोंदणी करा आणि बिलाचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा. दुकानांच्या पावतीवरची शाई वर्षभरात उडून जाते. खोकं परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका, आणि त्या मुदतीत यंत्र रोज वापरा. झाकणाचा आणि थर्मासचा दोष पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो.

शेवटचं एक विचारून ठेवा: नुसता थर्मास, नुसतं झाकण सुटं मिळतं का. यंत्र सहसा टिकतं. आधी तुटते ती झाकणाची प्लास्टिकची कडी. सुटं झाकण मिळत नसेल तर पुढच्या वेळी अख्खं यंत्र विकत घ्यावं लागतं, म्हणून घेण्याआधीच कंपनीच्या संकेतस्थळावर सुट्या भागांच्या पानावर जाऊन त्याची किंमत बघून या.